दौंडला गाडी तोंड फिरवते

आप्पा, परवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी दौंडला आमच्या गाडीला इंजिन लागलं आणि आईच्या हातातल्या तांब्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. तिनं पदर झटकला आणि म्हणाली, "ह्यो आप्पांचा हात न्हाई."

तुम्हाला जाऊन त्या दिवशी एक्केचाळीस दिवस झाले होते. मी मोजले होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "भाऊसाहेब, मोजून काय घावलं?" घावलं काहीच नाही. पण ज्याला मोजायची सवय आहे तो दुःख झालं तरी मोजतोच, त्याला दुसरं काही येत नाही.

तुमच्या थोरल्याचं कार्ड शिरूरला आलं तेव्हा मी कचेरीतून नुकताच घरी आलो होतो. कार्ड दोनदा वाचलं आणि आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. "ब्रेकवाले आप्पा?" तिनं विचारलं. मी होय म्हणालो. आप्पा, तिच्या तोंडी तुमचं हे नाव ऐकलं की गेली सात वर्षं मी विषय बदलत आलो होतो. त्या दिवशी तो बदलता आला नाही, कारण त्या नावाची भानगड निस्तरायचं तुम्ही कबूल केलं होतंत आणि आता ते काम माझ्या एकट्याच्या अंगावर आलं होतं.

एकाहत्तर सालच्या दसऱ्याचं तुम्हाला मी काय सांगणार? पण आपल्या दोघांची बाजू कधी एका जागी मांडली गेली नाही. ती आज मांडतो.

छप्पन साली वडील आणि मी नागपूरला गेलो होतो. आईलाही यायचं होतं. पण थोरल्या बहिणीचे दिवस भरले होते म्हणून ती घरी थांबली. "तुमी या जाऊन, मी मागनं जाईन," असं म्हणाली, आणि ते मागनं पंधरा वर्षं आलंच नाही. वडील गेले. बहिणीचं ते बाळ नववीत गेलं. दीक्षाभूमीचं नाव निघालं की आई एवढंच म्हणायची, "माझा दसरा ऱ्हायला." तिला नुसतं नागपूर बघायचं नव्हतं, दसऱ्याच्या दिवशीचं नागपूर बघायचं होतं. माणसं आली की ती नुसतं बसून त्यांच्याकडं बघणार होती.

म्हणून मी नीट आखणी केली. छप्पन साली आम्ही नगरला गाडीत बसलो होतो, तिथं गाडी पाच मिनिटंही थांबत नव्हती. साठी ओलांडलेली बाई आणि दोन बोचकी पाच मिनिटांत चढवणं धोक्याचं. वेळापत्रक काढून पाहिलं तर तीच गाडी दौंडला तीस मिनिटं थांबत होती. तीस मिनिटं! मी खूश झालो. शिरूरहून न्हावऱ्यावरून एस. टी.नं दौंड, तिथं सावकाश चढायचं, मनमाडला गाडी बदलायची, दसऱ्याच्या सकाळी नागपूर. वहीत सगळ्या वेळा लिहिल्या. गाडी दौंडला तीस मिनिटं थांबते हे लिहिलं. का थांबते हे मात्र विचारलं नाही. वेळापत्रकात तो रकाना नसतो.

पुण्याकडून गाडी आली. आईला खिडकीशी बसवलं, गाडी ज्या तोंडानं आली त्या तोंडाला, म्हणजे वारा लागेल. इंजिन सुटून गेलं तेव्हा मी आईला म्हणालो, पाणी भरायला गेलं असेल. अर्ध्या तासानं धक्का बसला नाही काही नाही, आणि गाडी चालू लागली. पण मागं. आलेल्या वाटेनं, पुण्याकडं. तीच पाण्याची टाकी, तोच सिग्नल, उलट्या क्रमानं.

पुढचं मला आठवतं ते असं, की मी ओरडलो, "आई, ऊठ, ही पुण्याला परत चाललीय!" एक बोचकं खाली फेकलं, दुसरं फेकलं, आईला दंडाला धरून फलाटावर उतरवलं. गाडीनं अजून वेग घेतला नव्हता म्हणून बरं. खिडकीतून एक माणूस हातवारे करून ओरडला, "आहो, त्वांड फिरलंय फकस्त! मनमाडचीच हाय!" तोवर गार्डाचा डबा आमच्यासमोरून निघून गेला होता.

तुम्ही फलाटाच्या टोकाकडून हिरवा बावटा गुंडाळत आलात. खाकी सदरा, हाताला वंगण. मला बाजूला घेऊन तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत, "कुठं निगाला हुता?"

"नागपूरला. मनमाडवरून."

"मंग उतरला का?"

"गाडी पुण्याकडं..."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग बोचक्यावर बसलेल्या आईकडं. तिचा चेहरा उतरला होता. ती विचारत होती, "बाळू, का रं उतरवलंस? गाडी कुठं गेली?" मी दुसरं बोचकं उचलून झटकू लागलो. तेवढ्यात तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "मावशी, त्या डब्याचा ब्रेक चाकाला धरत हुता, सोडत न्हवता. चाकातनं जाळ निगाला आस्ता. भाऊसाहेबांनी बरं वळखलं. हुशार हाय तुमचा ल्योक."

आप्पा, मी कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आलो. बेरजेत एक चुकला तर झोप लागत नाही मला. आणि तिथं भर उन्हात, फलाटावर, माझी अख्खी चूक तुम्ही शौर्य म्हणून माझ्याच गळ्यात घातलीत आणि मी ती घालून घेतली. "व्हय रं?" आईनं विचारलं. मी मान हलवली.

पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. म्हणजे दसरा मनमाडच्या वाटेवरच मावळणार होता. मी धर्मशाळेची चौकशी करू लागलो तर तुम्ही दोन्ही बोचकी उचललीत आणि चालू लागलात. तुमच्या क्वार्टरच्या दारात आई थबकली. ती पायरीवरच बसली आणि तिथूनच आत आवाज दिला, "बाई, आमी बौद्ध हाय बरं का. आदी सांगितल्यालं बरं." ती ते कुठंही लपवत नव्हती. पण सांगितल्यावर समोरच्याचं तोंड कसं होतं तेही ती बघत असे. मीही बघत होतो.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आस्सं? बरं," त्या म्हणाल्या. "मंग बाजरीची भाकरी चालंल का जवारीची थापू? आन् पायरीवर का बसलाय? धूर लागतोय व्हय आतला?"

त्या संध्याकाळी आई तुमच्या चुलीसमोर बसली होती. वहिनी भाकरी थापत होत्या आणि आई ती तव्यावरून काढून निखाऱ्यावर शेकत होती. मी बाहेर ओट्यावर तुमच्याशी बोलत होतो, पण माझं लक्ष आत होतं. परजातीच्या घरात तिला चुलीजवळ बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: गाडी हुकली, मुक्काम दौंड. एवढीच.

त्याच ओट्यावर तुम्ही मला इंजिनाचं समजावून सांगितलंत. पुण्याकडून येणारी गाडी मनमाडच्या रुळाला लावायची तर दौंडात इंजिन पुढून काढून मागं जोडावं लागतं. थोडं पुण्याकडं जाऊन मग रूळ नगरकडं वळतो. म्हणाला होतात, "माझा बाप मेंढरं घिऊन कोकणात जायचा. कळप वळवायचा तर पुढच्या मेंढराला मारत न्हाईत, भाऊसाहेब. मागच्याला हाळी द्येत्यात. मागचं वळलं की त्येच पुढचं झालं, सारा कळप त्येच्या मागं. रेलवेनं काय न्यारं केलं न्हाई. आमच्या बापाचंच चोरलंय." आणि हसलात. मग म्हणालात, "गाडी मागं चालल्यावानी वाटती तवा माणसानं जरा दम धरावा. फकस्त येवढंच हाय दौंडाचं."

मी म्हणालो, "पण आईला खरं सांगायला हवं." तुमचा चेहरा गंभीर झाला. "गाडी हुकल्याचं दुक्क हाय तिला. त्यात ल्योक येडा निगाला ह्ये आनि दुसरं कशाला?"

आपलं भांडण तिथं सुरू झालं. ते सात वर्षं चाललं.

नागपूरला आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचलो. मैदान मोकळं होतं. कागद, फुलं, विझलेल्या मेणबत्त्या. एक बाई झाडत होती. आईनं तिला विचारलं, "काल लई माणूस हुतं का?" ती म्हणाली, "पाय ठेवाले जागा नव्हती, माय." आई वंदन करून बराच वेळ बसली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ब्रेकच धरत हुता, त्याला तू तरी काय करणार? जीव वाचला." ती माझी समजूत घालत होती, आप्पा. आणि माझ्या चुकीनं तिचा दसरा पुन्हा राहिला होता.

घरी आल्यावर तिनं ती गोष्ट साऱ्या आळीला सांगितली. दरवेळी ब्रेक थोडा जास्त बिघडत गेला. तिसऱ्या वर्षी तर चाकातून जाळ निघालेला तिनं स्वतः पाहिला होता. बायका माझ्याकडं आदरानं बघायच्या. एकदा कचेरीतल्या शिपायानं विचारलं, "भाऊसाहेब, ब्रेक कसा वळखत्यात वो?" मी त्याला कामाला लावलं.

खरं सांगायला मी चार वेळा बसलो. चारही वेळा उठलो. कारण एकच: "जीव वाचला" या दोन शब्दांवर तिनं हुकलेला दसरा टेकवून ठेवला होता. ते शब्द काढून घेतले तर तिच्याजवळ नुसता हुकलेला दसरा उरला असता, आणि तो हुकवणारा मी.

त्यानंतर मी दौंडला तेवीस वेळा आलो. काही वेळा खरंच काम होतं. बाकीच्या वेळी, मनमाडची गाडी येते तेव्हा फलाटाच्या टोकाला तुमच्याशेजारी उभं राहायचं एवढंच काम. तुम्ही इंजिन जोडायला टोकाच्या डब्यापाशी रुळात उतरायचात, इंजिन हळूहळू मागं यायचं, तुम्ही हात वर करायचात आणि ते जणू टेकायचं. धक्का नाहीच. एकदा मी मुद्दाम डब्यात चहाचा भरलेला कप घेऊन बसलो होतो. थेंब सांडला नाही. खाली उतरून तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "डब्यात लेकरं झोपलेली आस्त्यात, भाऊसाहेब. बाळंतिणी आस्त्यात. त्यास्नी कळता कामा न्हाई की आपलं इंजिन बदललं."

प्रवासावरून तर आपलं कधीच पटलं नाही. तुम्हाला दरवर्षी फुकटचा पास मिळायचा आणि तुम्ही तो वाया घालवायचात. जेजुरीला जायचं तर पायी. मी एकदा हिशोब करून दाखवला, की वाया गेलेल्या पासांवर तुम्ही साऱ्या हिंदुस्थानाला किती फेऱ्या मारल्या असत्या. तुम्ही ऐकून घेतलंत. "मी जाऊन काय करू? सगळी हितंच येत्यात की," म्हणालात. "काशीची येत्यात, नागपूरची येत्यात. मला सांगत्यात तिकडं काय काय हाय. तुमच्यावानी उतरत्यात बी काय काय."

मी चिडून म्हणालो, "बघणं आणि ऐकणं यात फरक आहे. माझ्या वहीत सव्वीस वर्षांचे प्रवास आहेत. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा, सगळं."

तुम्ही वही मागून घेतलीत. वंगणाचे हात सदऱ्याला पुसून पानं उलटलीत. तुम्हाला फारसं वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. बराच वेळ बघून वही परत दिलीत. "ह्यात गाडी कवा आली त्ये हाय," तुम्ही म्हणालात. "कोण आलं त्ये न्हाई."

मी तेव्हा वाद घातला. वही त्यासाठी नसते, असं काहीतरी बोललो. घरी जाऊन मात्र पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर उजवीकडं एक रकाना आखला: "सोबत / भेट". जुने प्रवास आठवून तो भरायला बसलो तर बहुतेक जागा कोऱ्या राहिल्या. सव्वीस वर्षं मी घड्याळाशेजारी बसून प्रवास केला होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. वादात हरल्याचं कबूल करणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीतच होतं. आज सांगतो.

आणि यंदा उन्हाळ्यात तुम्हीच विषय काढलात. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. "यंदाच्या दसऱ्याला मावशीला घिऊन जाऊ. मी बी येतो. इंजिन दुसऱ्याला जोडू दे." मला खरंच वाटेना. तुम्ही म्हणालात, "तिचा दसरा तिला दिला की मंग सांगाया हरकत न्हाई. तवर सांगणं म्हंजी निसतं आपल्या मनाचं वझं तिच्या डोक्यावर ठेवणं. आन् सांगणार मी. लबाडी माझी हाय." सात वर्षांच्या भांडणाचा हा निकाल मला मान्य झाला. मी वेळा लिहून घेतल्या. तुम्ही पासाचा अर्ज केलात.

आणि मग ते कार्ड आलं. दहाव्याला आलो तेव्हा वहिनींनी पास दाखवला. तो घडीत ठेवला होता. त्यावर तुमचं नाव होतं आणि खाली, "दौंड ते नागपूर व परत". वहिनी म्हणाल्या, "मावशीला न्या हं. न्हाई म्हनू नगा."

म्हणून नेलं. आमची दोन तिकिटं काढली आणि तुमचा पास वहीत ठेवला. दौंडला चढताना मी तुमची युक्ती लक्षात ठेवली: मनमाडला जाणाऱ्यानं दौंडात पाठमोरी जागा धरावी, गाडीनं तोंड फिरवलं की तीच पुढची होते. आईला तिथं बसवलं आणि मी तिच्यासमोर बसलो. मग धक्का बसला, पाणी सांडलं, आणि ती म्हणाली, "ह्यो आप्पांचा हात न्हाई."

तुमचा निकाल असा होता की आधी दसरा, मग सत्य. मला थांबता आलं नाही. तुमचं नाव निघालं आणि गाडी मागं चालू लागली. तीच टाकी, तोच सिग्नल.

"आई," मी म्हणालो, "त्या वेळी ब्रेक धरत नव्हता."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"गाडी अशीच निघाली. आत्तासारखी. मला वाटलं पुण्याला परत चालली. मी घाबरलो आणि तुला उतरवलं. आप्पा खोटं बोलले, मला वाचवायला."

"म्हंजी त्या डब्याला काय झालं न्हवतं?"

"काहीच नव्हतं."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. रूळ वळला, भीमेचा पूल गेला. काष्टी येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. मी घड्याळ पाहिलं नाही, त्यामुळं किती मिनिटं ते सांगता येणार नाही. मी पाठमोरा चाललो होतो आणि दौंडाकडची बाभळी लहान लहान होताना बघत होतो.

काष्टीला गाडी थांबली तेव्हा तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "बया!" ती म्हणाली. "सात वर्सं त्या डब्याला शिव्या घातल्या मी. मुकं बिचारं." मग डोळे पुसले. "आन् समद्या आळीला सांगत फिरले. जाळ बघितला म्हनून!"

"मी सांगतो सगळ्यांना. घरोघर जाऊन."

"आजाबात न्हाई." ती एकदम ताठ झाली. "आप्पा खोटं पडत्याल. गेल्याल्या माणसाचा शबूद हाय त्यो. त्यांनी तुजं झाकलं, आता आपुन त्यांचं झाकायचं." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघतच, "उतरवलं नस्तंस तर त्या बाईच्या चुलीपाशी मी कशाला बसले आस्ते?"

मनमाडपर्यंत मी वही काढली नाही.

दसऱ्याच्या दिवशी, आप्पा, ते मैदान तिला मी दाखवलं. मागं त्या झाडणाऱ्या बाईनं सांगितलं होतं तसंच, पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हाला एका लिंबाखाली हातभर जागा मिळाली. आई मांडी घालून बसली. तिच्या मनात होतं तशीच, येणारी माणसं बघत. कोणी पोर खांद्यावर घेतलेलं, कोणी म्हातारा पाठीवर. ती बघत होती आणि मधूनच कोणाला तरी हात जोडत होती. शेजारी अकोल्याकडची एक म्हातारी होती. दोघींनी एकमेकींना गाव विचारलं, लेकरं विचारली. मी वही उघडून नव्या रकान्यात तुमचं नाव लिहीत होतो. पास तुमच्या नावाचा होता, त्या अर्थी तुम्ही सोबत होतात. ही नोंद चुकीची आहे असं कोणी म्हणालं तर मी ती दुरुस्त करणार नाही.

"मागं एकदा आमी निगालो हुतो," आई त्या बाईला सांगत होती. "सात वर्सांखाली. तर गाडीचा ब्रेक धराया लागला. ह्यो आसा जाळ निगाला चाकातनं."

"हो काय वं माय!" ती बाई म्हणाली.

"तर काय! माझ्या ल्योकानं वळखला." आईनं माझ्याकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. मी मान वर केली नाही. "आन् दौंडाला आमचा एक मानूस हुता. त्यानंच उतरवून घेतलं आमास्नी. घरी न्हेलं."